उलट-सुलट चालणाऱ्या सॉलिड ऑक्साइड सेलचे इलेक्ट्रोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सीचं प्रोजेक्ट नाहीतर पीएचडीचा विषय निवडायची वेळ आली की संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी सगळीकडून तेच तेच प्रश्न यायलेत. मधेच एखादे काका पण असतात, ज्यांना रानात सोलर टाकायचंय आणि कुठंतरी हायड्रोजनचं ऐकलंय. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवायलोय. क्रमबिम काही लावलेला नाही, जे लई वेळा विचारलं जातं त्याचं उत्तर मोठं, बाकीचं दोन ओळीत.

ही भानगड नेमकी काय आहे?

सिरॅमिकचा पातळ सेल. मधे इलेक्ट्रोलाइट, म्हणजे बहुतेक वेळा यट्रिया घातलेलं झिर्कोनिया, ज्याला सगळे वायएसझेड म्हणतात. त्यातून गॅस जात नाही, इलेक्ट्रॉन जवळपास जात नाहीत, फक्त ऑक्साइड आयन जातात आणि ते पण चांगलं तापल्यावर, साधारण ६५० ते ८५० डिग्रीला. एका बाजूला फ्युएल इलेक्ट्रोड, दुसऱ्या बाजूला एअर इलेक्ट्रोड. हायड्रोजन आणि हवा दिली की वीज अन् वाफ मिळते, आणि त्याच सेलला वाफ अन् वीज दिली की हायड्रोजन मिळतो. मशीन तेच, करंटची दिशा उलटी. म्हणून रिव्हर्सिबल.

कल्पना नवी नाही बरं का. नर्न्स्टनं १८९९ च्या सुमारास यट्रिया-झिर्कोनियाची कांडी तापवून दिव्यासारखी पेटवली होती, आणि १९३७ मधे बाउर आणि प्राइस यांनी असल्या सिरॅमिकवर फ्युएल सेल चालवून दाखवला. म्हणजे शंभरीकडं चाललेला विषय आहे, तरी इलेक्ट्रोडवर भांडण अजून चालूच.

मराठवाड्यात याचं काय काम? आमच्याकडं प्यायला पाणी नाही.

हा प्रश्न सगळ्यात बरोबर आहे आणि याचं उत्तर मुंबई-पुण्याचे लोक देत नाहीत, कारण त्यांना हा प्रश्न पडतच नाही. परळीचं थर्मल २०१३ मधे पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. आणि १ किलो हायड्रोजन बनवायला हिशोबानं ९ लिटर शुद्ध पाणी लागतंच, त्यातून सुटका नाही, कोणतंही मशीन आणा.

पण इथं एक गंमत आहे. या सेलमधे वीज बनवताना जी वाफ तयार होते ती फ्युएलच्या बाजूला तयार होते, हवेच्या बाजूला नाही. म्हणजे ती हवेच्या मोठ्या झोतात मिसळून उडून जात नाही, थंड करून परत धरता येते. दिवसा सोलरवर पाण्याचा हायड्रोजन करा, रात्री त्याच हायड्रोजनची वीज करा, पाणी परत टाकीत. थोडी गळती जाईल, पण दरवेळी नवीन टँकर नको. धाराशिव-बीडकडं पवनचक्क्या आणि सोलर बक्कळ उभे आहेत, संध्याकाळी सहानंतर सोलर झोपतं, तेव्हा असलं काही साठवणीचं साधन इथं कामाचं आहे. फक्त सेल रोज उलट-सुलट चालून टिकला पाहिजे, आणि सगळं घोडं इलेक्ट्रोडवरच अडलंय.

बॅटरी घेतलेली काय वाईट?

चार-पाच तासांसाठी बॅटरीच घ्या, सरळ सांगतो. सेल ०.८५ व्होल्टला वीज देतो आणि १.२९ व्होल्टच्या आसपास वीज खातो असं धरलं तर भागाकार ६६ टक्के येतो, त्यातून ब्लोअर, वाफ करायची उष्णता, हायड्रोजन दाबून भरायचा खर्च वजा करा. लिथियमची बॅटरी याच्यापेक्षा लई पुढं आहे. फायदा तेव्हा आहे जेव्हा साठवण दिवसांची किंवा महिन्यांची पाहिजे, कारण तिथं फक्त टाकी मोठी करायची असते, सेल तेवढेच राहतात. किंवा जेव्हा हायड्रोजनच विकायचाय.

इलेक्ट्रोलाइट सोडून सगळे इलेक्ट्रोडच्याच मागं काहून लागलेत?

कारण इलेक्ट्रोलाइट पातळ केला की त्याचं काम बरंचसं भागतं, १० मायक्रॉनचा वायएसझेड आता नेहमीचा झालाय. इलेक्ट्रोडचं तसं नाही. तिथं गॅस, इलेक्ट्रॉन आणि आयन तिघं एका जागी भेटावे लागतात, ती जागा म्हणजे ट्रिपल फेज बाउंड्री, आणि ती जागा जास्तीत जास्त पाहिजे, सच्छिद्र पाहिजे, हजारो तास तशीच राहिली पाहिजे, ८०० डिग्रीला. बारीक कण गरम ठेवले की ते एकमेकांना चिकटून मोठे होणारच, जागा कमी होणारच. पाहिजे ते सगळं एकमेकाच्या विरोधात आहे.

सध्या कंपन्या कोणतं मटेरियल वापरतात?

फ्युएलच्या बाजूला निकेल आणि वायएसझेड मिसळून, त्याला सर्मेट म्हणतात. भट्टीत घालताना ते निकेल ऑक्साइड असतं, नंतर हायड्रोजनमधे त्याचं निकेल होतं. हवेच्या बाजूला जुनं एलएसएम, म्हणजे लॅन्थनम-स्ट्रॉन्शियम-मँगनीजचं पेरोव्स्काइट (एका ठराविक स्फटिक रचनेचं ऑक्साइड), आणि त्याच्या पुढचं एलएससीएफ, ज्यात मँगनीजच्या जागी कोबाल्ट आणि लोखंड. जर्मनीच्या युलिशला २००७ मधे सुरू केलेला एक छोटा स्टॅक, म्हणजे एकावर एक रचलेले सेल, ७०० डिग्रीला १ लाख तासांच्या वर चालला, २०१९ च्या जानेवारीत बंद केला. म्हणजे टिकत नाही असं कोणी म्हणलं तर हे सांगायचं. पण तो फ्युएल सेल म्हणून एकाच दिशेनं चालला होता, हे पण सांगायचं.

उलट्या दिशेनं चालवलं की नेमकं काय बिघडतं?

इथं जरा बसून वाचा, कारण सगळा विषय याच्यातच आहे.

हवेची बाजू आधी. इलेक्ट्रोलिसिस चालू असताना ऑक्साइड आयन वायएसझेडमधून येतात आणि एअर इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन सोडून ऑक्सिजन गॅस होतात. आता एलएसएममधून इलेक्ट्रॉन मस्त जातात पण ऑक्साइड आयन जवळजवळ जात नाहीत. म्हणजे सगळा ऑक्सिजन नेमका एलएसएम आणि वायएसझेडच्या सांध्यावरच तयार होतो. करंट वाढवला की तिथं ऑक्सिजनचा दाब वाढतो, बाहेर पडायला वाट नाही, मग कणांच्या सीमांवर बारीक बारीक पोकळ्या पडतात आणि एक दिवस सगळा थर पापुद्र्यासारखा सुटून येतो. सेल उघडल्यावर इलेक्ट्रोड बोटाला लागतो, खाली वायएसझेड उघडा. फ्युएल सेलच्या दिशेनं असं होत नाही, कारण तिथं ऑक्सिजन आत ओढला जातो.

फ्युएलच्या बाजूला निकेलची वेगळी तऱ्हा. नुसतं गरम राहून निकेलचे कण मोठे होतात, ते दोन्ही दिशांना होतं, सुरुवातीच्या काही शे तासांत जास्त. पण इलेक्ट्रोलिसिसला, विशेषतः करंट जोरात असला की, निकेल इलेक्ट्रोलाइटपासून लांब सरकायला लागतं. एसईएममधे, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली, बघितलं की इलेक्ट्रोलाइटला लागून असलेल्या काही मायक्रॉनच्या पट्ट्यात, जिथं खरं काम होतं तिथंच, निकेल गायब, नुसतं वायएसझेड आणि भोकं. का सरकतं यावर अजून एकमत नाही, कोणी म्हणतं निकेलचं हायड्रॉक्साइड वाफेबरोबर उडून पुढं जाऊन बसतं, कोणी म्हणतं व्होल्टेजमुळं निकेलची वायएसझेडला धरून राहायची ताकद बदलते. माझं मत दुसऱ्याकडं झुकतं, पण भांडायला मी येणार नाही.

आणि याच्यावर सेलच्या कडा बंद करणाऱ्या काचेच्या सीलमधून येणारं सिलिका. वाफ जास्त असली की सीलमधलं सिलिका थोडं थोडं वाफेबरोबर येतं आणि निकेलच्या कामाच्या जागेवर बसतं. पोरं इलेक्ट्रोडला दोष देतात, खरा चोर सील असतो.

मग रोज दिशा बदलली तर अजून लवकर मरेल ना?

आम्हाला पण आधी तसंच वाटायचं, सगळ्यांनाच वाटायचं. पण २०१५ मधे डेन्मार्कच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या ग्रुपनं दाखवलं की एलएसएमवाला सेल नुसता इलेक्ट्रोलिसिसला चालवला तर खराब होतो, पण मधे मधे फ्युएल सेलच्या दिशेनं चालवला तर तेच नुकसान जवळपास थांबतं, आणि हे हजारो तासांच्या टेस्टवर. सांध्यावर साठलेला दाब उलट्या दिशेला मोकळा होतो, असं त्याचं स्पष्टीकरण. दिवस-रात्र सोलरच्या वेळापत्रकाला ही गोष्ट आपोआप जुळते, हे मला लई आवडलेलं आहे. मात्र हे सगळ्या नुकसानाला लागू नाही. सरकून गेलेलं निकेल दिशा बदलली म्हणून सगळं परत जागेवर येऊन बसत नाही, आणि स्टीलच्या भागांतून उडून येणाऱ्या क्रोमियमचं तर नावच नको.

एलएसएम सोडून सरळ एलएससीएफ वापरायचं, प्रश्न मिटला?

अर्धा मिटला. एलएससीएफमधून इलेक्ट्रॉन आणि आयन दोन्ही जातात म्हणून ऑक्सिजन सांध्यावर अडकत नाही, कणांच्या सगळ्या अंगावरून बाहेर पडतो. आता नवीन प्रश्न मोजा.

एक, स्ट्रॉन्शियम. वायएसझेडला थेट लावून भाजलं की स्ट्रॉन्शियम झिर्कोनेट तयार होतं, ज्यातून आयन जात नाहीत. म्हणून मधे जीडीसीचा, म्हणजे गॅडोलिनियम घातलेल्या सेरियाचा थर द्यावा लागतो, आणि तो थर घट्ट नसला तर स्ट्रॉन्शियम त्याच्या भोकांतून वाट काढून पलीकडं जातंच. स्क्रीन प्रिंट केलेला जीडीसी बहुतेक वेळा घट्ट नसतो.

दोन, पुन्हा स्ट्रॉन्शियम. ते आतून पृष्ठभागावर येऊन बसतं, मग हवेतला कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, स्टीलमधून वाफ होऊन येणारं क्रोमियम, जे भेटेल त्याच्याशी लग्न लावतं आणि इलेक्ट्रोडवर मेलेला थर चढतो. यावर उपाय चालू आहेत. ए-साइटला, म्हणजे रचनेत लॅन्थनम-स्ट्रॉन्शियम बसतात त्या जागेला, थोडी कमतरता ठेवणं हा सोपा. २०१६ मधे एमआयटीच्या लोकांनी लॅन्थनम-स्ट्रॉन्शियम कोबाल्टाइटच्या पृष्ठभागावर हॅफ्नियमसारखे, सहजासहजी इलेक्ट्रॉन न घेणारे आयन अगदी थोडे बसवून हे स्ट्रॉन्शियमचं वर येणं बरंच रोखून दाखवलं. म्हणजे आतलं मटेरियल बदलायची गरज नाही, वरचं कातडं सुधारलं तरी फरक पडतो. ही कल्पना मला सध्या सगळ्यात कामाची वाटते.

तीन, प्रसरण. वायएसझेडचा थर्मल एक्स्पान्शनचा, म्हणजे तापल्यावर किती फुगतं त्याचा, आकडा साडेदहाच्या आसपास, एलएसएम ११-१२, एलएससीएफ १५ ते १७, आणि कोबाल्ट जास्त असलेली मटेरियल २० च्या पण वर जातात, सगळं गुणिले दहाचा उणे सहावा घात प्रति केल्विन. एक बैल लांब टांगा टाकणारा आणि एक आखूड, अशी जोडी औताला जुंपली की जू मोडतं. इथं सेल मोडतो, तो पण चालताना नाही, थंड करताना.

कोबाल्ट काढून टाकता येईल का? महाग आहे, शिवाय बाहेरून येतं.

जगातलं खाणीतून निघणारं कोबाल्ट जवळपास ७० टक्के एकट्या काँगोतून येतं, त्यामुळं टाळलेलं बरं. पण खरं सांगायचं तर एका सेलवर एअर इलेक्ट्रोडचं वजन एवढं कमी असतं की पैशाचं कारण मला फार पटत नाही, प्रसरणाचं कारण पटतं.

पर्याय म्हणजे लॅन्थनम, प्रॅसिओडिमियम किंवा निओडिमियमचे निकेलेट. यांच्या रचनेत ऑक्सिजन कमी नसतो, उलट थरांच्या मधे जास्तीचा बसलेला असतो, म्हणून ऑक्सिजन बाहेर काढायच्या दिशेला हे चांगले वागतात. प्रसरण वायएसझेडच्या जवळ. स्ट्रॉन्शियम नाही म्हणजे वरचे अर्धे रडगाणे बंद. प्रॅसिओडिमियमवालं सगळ्यात तेज, पण ते ७००-८०० डिग्रीला हळूहळू मोडतं, आणि मजा अशी की मोडलं तरी काम फारसं कमी होत नाही कारण मोडून जे तयार होतं ते पण कामाचं असतं. रिव्ह्यूअरला हे समजावणं मात्र अवघड जातं. दुसरं टोक म्हणजे प्रॅसिओडिमियम-बेरियम-कोबाल्टचे डबल पेरोव्स्काइट, कामगिरी जबरदस्त, पण कोबाल्ट बक्कळ अन् प्रसरण लई. पेपरला चांगले, स्टॅकला मी लावणार नाही.

निकेल काढता येईल का?

काढता येतं, पण निकेलएवढं स्वस्त आणि तेज काही सापडत नाही. २००३ च्या सुमारास लॅन्थनम-स्ट्रॉन्शियम क्रोमियम-मँगनीजवालं पेरोव्स्काइट आलं, नंतर स्ट्रॉन्शियम-लोखंड-मॉलिब्डेनमवालं. दोन्ही हवेत पण टिकतात, हायड्रोजनमधे पण टिकतात, म्हणून दोन्ही बाजूंना एकच मटेरियल लावता येतं, त्याला सिमेट्रिकल सेल म्हणतात. एकदाच भाजायचं, काम सोपं. करंट मात्र निकेलच्या मानानं कमी.

लाईट गेली तर सेलचं काय होतं?

आपल्याकडचा अस्सल प्रश्न. ७५० डिग्रीला सेल चालू आहे, लाईट गेली, यूपीएस फक्त कॉम्प्युटरला लावलेला. हायड्रोजनचा मास फ्लो कंट्रोलर, म्हणजे गॅस मोजून सोडणारं यंत्र, बंद पडतो, सीलमधून थोडी हवा आत जाते, आणि निकेलचं परत निकेल ऑक्साइड होतं. निकेलचं ऑक्साइड झालं की त्याचं आकारमान ७० टक्क्यांच्या आसपास वाढतं. सर्मेट फुगतो, वरचा १० मायक्रॉनचा वायएसझेड तडकतो. लाईट आल्यावर ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे करंट न घेता मिळणारं व्होल्टेज, बघायचं, आधी १.०५-१.१ व्होल्ट असेल आणि आता ०.९ च्या खाली आलं असेल तर पुढं टेस्ट करून उपयोग नाही, गॅस क्रॉस होतोय.

उपाय साधा आहे. आर्गॉनमधे ४-५ टक्के हायड्रोजन मिसळलेल्या गॅसचं सिलिंडर ठेवायचं आणि त्याला असा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावायचा जो लाईट नसताना उघडतो, लाईट असताना बंद. लाईट गेली की तो गॅस आपोआप सुरू होतो आणि सेल थंड होईपर्यंत निकेलला झाकून ठेवतो. हजार-दोन हजाराचा व्हॉल्व्ह असतो, पण पर्चेसच्या फाइलीत तो आधी कोणी लिहीत नाही.

एक्सोल्युशन म्हणजे काय? प्रत्येक पेपरात हेच दिसतंय.

पेरोव्स्काइट बनवतानाच त्याच्या आत निकेल, कोबाल्ट किंवा लोखंड विरघळवून ठेवायचं. मग हायड्रोजनमधे ८००-९०० डिग्रीला नेलं की तो धातू आतून बाहेर येतो आणि पृष्ठभागावर १०-५० नॅनोमीटरचे कण उगवतात. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज युनिव्हर्सिटीतल्या जॉन आयर्विनच्या ग्रुपनं २०१३ मधे हे नीट मांडलं, की ए-साइटला कमतरता ठेवली तर धातू जास्त चांगला बाहेर येतो. कण आतून उगवल्यामुळं त्याचं बूड पेरोव्स्काइटमधे रुतलेलं असतं, म्हणून तो सरकत नाही, चटकन मोठा होत नाही, त्याच्यावर कार्बन पण कमी चढतो. २०१६ मधे त्याच ग्रुपनं हेच काम हायड्रोजनमधे तासन् तास न भाजता, चालू सेलला २ व्होल्टच्या आसपास देऊन काही मिनिटांत करून दाखवलं. रिव्हर्सिबल सेलमधे हे फार मोलाचं, कारण तिथं उलटं व्होल्टेज द्यायची सोय असतेच, वेगळं काही लागत नाही.

पण मोह आवरा. बाहेर आलेला धातू एकूण कमीच असतो, आणि खालच्या पेरोव्स्काइटची चालकता निकेलच्या जवळपास पण नसते, त्यामुळं करंट गोळा करायला वेगळी सोय करावी लागते. फोटो लई सुंदर येतात म्हणून पेपर जास्त आहेत, हे पण एक कारण.

इन्फिल्ट्रेशन आणि यात फरक काय?

इन्फिल्ट्रेशनमधे आधी सच्छिद्र सांगाडा भाजून घ्यायचा, मग त्यात नायट्रेटचं द्रावण थेंब थेंब सोडायचं, सुकवायचं, कमी तापमानाला भाजायचं, परत थेंब, परत भाजायचं. साधं, स्वस्त, सांगाडा जास्त तापमानाला घट्ट बसलेला असतो आणि वरचं नाजूक मटेरियल जास्त तापतच नाही, म्हणून रिअॅक्शनचा त्रास कमी. वाईट एवढंच की हे कण रुतलेले नसतात, कालांतरानं मोठे होतात. निकेल सर्मेटमधे सेरियाचं इन्फिल्ट्रेशन मात्र मी सगळ्यांना करा म्हणतो, सल्फर आणि कार्बन दोन्हीपासून थोडा बचाव होतो.

साखर कारखान्याचा बायोगॅस थेट देता येईल का?

थेट नाही, राव. डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशपासून, म्हणजे उरलेल्या सांडपाण्यापासून, निघणाऱ्या गॅसमधे हायड्रोजन सल्फाइड हजारो पीपीएममधे असतो आणि निकेलला एक-दोन पीपीएमनं पण फरक पडतो. सल्फर निकेलच्या पृष्ठभागावर बसतं, व्होल्टेज लगेच खाली येतं. आधी स्क्रबर, मग झिंक ऑक्साइडचा बेड, मगच सेल. पण डिस्टिलरीत आंबवताना निघणारा कार्बन डायऑक्साइड बराच शुद्ध असतो, आणि हा सेल वाफेबरोबर कार्बन डायऑक्साइड पण फोडू शकतो, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळतं, ज्याच्यापासून पुढं मिथेनॉल होतं. मला विचाराल तर कारखान्यासाठी बायोगॅसपेक्षा हा रस्ता चांगला आहे.

पेपरमधला कोणता आकडा बघायचा?

पीक पॉवर डेन्सिटी, म्हणजे प्रति चौरस सेंटीमीटर जास्तीत जास्त किती पॉवर, बघू नका. तो आकडा पहिल्या दिवसाचा असतो, बटणाएवढ्या सेलचा असतो आणि त्या पॉवरला कोणी सेल चालवत नाही.

पहिलं बघायचं म्हणजे दर १००० तासांना किती टक्के घसरण, आणि ती कोणत्या करंटला. १ टक्का ऐकायला बरा वाटतो, पण ५ वर्षं म्हणजे ४३ हजार ८०० तास, त्या हिशोबानं ४० टक्क्यांच्या वर गेलं. दुसरं, टेस्ट किती तास चालली. १०० तासांची टेस्ट आणि टायटलमधे ड्युरेबल, असे पेपर ढिगानं आहेत. तिसरं, इलेक्ट्रोलिसिसला करंट डेन्सिटी किती होती, कारण ०.३ अँपिअर प्रति चौरस सेंटीमीटरला टिकलेलं १ अँपिअरला टिकेलच असं नाही. पोलरायझेशन रेझिस्टन्स, म्हणजे इलेक्ट्रोडवरच्या रिअॅक्शनचा अडथळा, ०.१५ ओहम चौरस सेंटीमीटरच्या खाली असला की पुरे आहे, त्याच्या खाली ०.०५ आणि ०.०३ अशी मारामारी करण्यात वेळ जातो. माझं तर मत आहे की ०.१५ वाला पण सपाट राहणारा इलेक्ट्रोड घ्यावा, ०.०३ वाला घसरणारा नको.

आमच्या डिपार्टमेंटला एक भट्टी, प्रेस आणि एक्सआरडी (एक्स-रे नं पावडरीत कोणते पदार्थ आहेत ते दाखवणारं यंत्र) आहे. काही होईल का?

होतंय की. बरंच होतंय.

पावडर सायट्रेट जेलनं नाहीतर ग्लायसिन-नायट्रेटनं करा. ग्लायसिनवालं एकदम पेटतं, बीकर मोठं घ्या, वर जाळी ठेवा, नाहीतर अर्धी पावडर फ्यूम हूडच्या काचेवर. लॅन्थनम ऑक्साइडपासून सुरुवात करत असाल तर हे नीट ऐका: ते हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. पूर्ण हायड्रॉक्साइड झालं तर वजन १६ टक्क्यांच्या वर वाढतं, दिसायला मात्र तसंच पांढरं. पावसाळ्यात उघडलेली बाटली तशीच तोलली तर लॅन्थनम कमी पडणार, आणि मग एक्सआरडीत कोपऱ्यात एक अनोळखी पीक येणार जिच्यावर पोरं महिने घालवतात. तोलायच्या आधी रात्रभर १००० डिग्रीला ठेवायचं, डेसिकेटरमधे थंड करायचं, लगेच तोलायचं. नायट्रेट वापरत असाल तर ते पण पाणी धरतं, थोडं तोलून भाजून ऑक्साइड किती उरतं ते बघायचं आणि त्यावरून हिशोब लावायचा, बाटलीवर लिहिलेल्या फॉर्म्युल्यावर विश्वास नको.

मग कंपॅटिबिलिटी. तुमचं मटेरियल आणि वायएसझेड वजनानं अर्धं अर्धं मिसळून पेलेट दाबा, ज्या तापमानाला इलेक्ट्रोड भाजणार आहात त्याला भाजा, एक्सआरडी काढा. स्ट्रॉन्शियम झिर्कोनेट किंवा लॅन्थनम झिर्कोनेट दिसलं की कळलं. नाही दिसलं तर रिअॅक्शन झालीच नाही असं लिहू नका, दोन-तीन टक्क्यांच्या खालचं एक्सआरडीला दिसत नाही आणि सांध्यावरचा पातळ थर तेवढाच असतो.

आणि आता महत्त्वाचं, हे मी प्रत्येकाला सांगतो. इम्पीडन्स अॅनालायझर, म्हणजे एसी सिग्नल देऊन सेलचा अडथळा मोजणारं यंत्र, कुठून तरी मिळाला, शेजारच्या डिपार्टमेंटकडून का होईना, तर हायड्रोजन सिलिंडरशिवाय पण रिव्हर्सिबल टेस्ट होते. वायएसझेडच्या पेलेटला दोन्ही बाजूंनी तोच एअर इलेक्ट्रोड लावा, हवेतच ठेवा आणि डीसी करंट सोडा. एका बाजूला ऑक्सिजन आत जातो, दुसऱ्या बाजूला बाहेर येतो. म्हणजे एकाच पेलेटवर एक बाजू फ्युएल सेलची, एक बाजू इलेक्ट्रोलिसिसची. काही शे तास चालवा, ठराविक वेळानं करंट उलटा करा नाहीतर करू नका, दोन्ही तऱ्हा करून बघा, शेवटी तोडून दोन्ही बाजूंचे एसईएम बाहेरून काढून आणा. लाईट गेली तरी इथं निकेल नाही, सेल मरत नाही. या एवढ्या सामानात खरंच नवीन काही सांगता येतं.

इम्पीडन्सचे आकडे फार चांगले येतायत, आनंद मानू का?

सिल्व्हर पेस्ट लावलीय का? मग थांबा. चांदी ९६१ डिग्रीला वितळते, ८०० ला ती सरकते, आणि ती स्वतः ऑक्सिजनसाठी चांगली कॅटॅलिस्ट आहे. म्हणजे तुम्ही चांदी मोजताय. सोन्याची पेस्ट महाग आहे पण थोडीच लागते, जाळीदार लावा. आणि सिमेट्रिकल सेलचा आकडा दोननं भागून क्षेत्रफळानं गुणलाय ना तेवढं बघा.

ह्युमिड हवेत टेस्ट करायची की कोरड्या?

दोन्हीत. स्टीलमधलं क्रोमियम दमट हवेत जास्त उडतं, त्यामुळं कोरड्या सिलिंडरच्या हवेत टिकलेला इलेक्ट्रोड श्रावणात टिकेलच असं नाही. जवळ स्टीलची नळी असेल तर तिच्यातूनही क्रोमियम येतं, अल्युमिनाची नळी वापरा.

प्रोटॉनवाले सेल ऐकलेत, ते याच्यापेक्षा बरे का?

यात ऑक्साइड आयनऐवजी प्रोटॉन जातात. इलेक्ट्रोलाइट बेरियमचे झिर्कोनेट-सेरेट, ४०० ते ६०० डिग्रीला चालतात, म्हणजे निकेलचं मोठं होणं, क्रोमियम, सील सगळ्याचा त्रास कमी. हायड्रोजन कोरडा मिळतो. पण वाफ हवेच्या बाजूला जाते, म्हणजे वर जो पाणी परत धरायचा फायदा सांगितला तो इथं सहज मिळत नाही. शिवाय थोडे इलेक्ट्रॉन गळतात, त्यामुळं इलेक्ट्रोलिसिसला दिलेली सगळी वीज हायड्रोजनमधे जात नाही. विषय चांगला आहे, पण वेगळा आहे.

हे ऑक्साइड सेलचं तंत्र कुठं खरंच वापरलंय का, का नुसतं लॅबमधे?

मंगळावर वापरलंय. नासाच्या पर्सिव्हरन्स रोव्हरवर मॉक्सी नावाचा डबा होता, त्यात ८०० डिग्रीला सॉलिड ऑक्साइड सेलनं मंगळाच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड फोडून ऑक्सिजन काढला, २०२१ ते २०२३ मधे १६ वेळा मिळून १२२ ग्रॅम. पृथ्वीवर ब्लूम एनर्जी असले फ्युएल सेल विकते, तिचे संस्थापक के. आर. श्रीधर आधी मंगळासाठी ऑक्सिजन बनवायच्याच कामावर होते. रोज दिशा बदलणारे मोठे प्लांट मात्र अजून थोडेच.

घरी लावता येईल का, काका विचारायलेत.

नाही काका. सध्या सोलरला बॅटरी लावा.

भारतात कुठं शिकायला जायचं?

कोलकात्याची सीजीसीआरआय, म्हणजे सेंट्रल ग्लास अँड सिरॅमिक रिसर्च इन्स्टिट्यूट, या विषयात जुनी आहे, सेल बनवण्यापासून काम करते. हैदराबादची एनएफटीडीसी, म्हणजे लोखंड सोडून बाकी धातू-मटेरियलवर काम करणारी संस्था, आपल्याला जवळ, नांदेडहून रात्रीच्या गाडीनं सकाळी पोचता येतं. जानेवारी २०२३ मधे केंद्रानं ग्रीन हायड्रोजन मिशनला १९ हजार ७४४ कोटी मंजूर केलेत, त्यात इलेक्ट्रोलायझर बनवण्यावर भर आहे, त्यामुळं पुढची काही वर्षं प्रोजेक्ट फेलोच्या जागा निघत राहतील असं वाटतंय. अर्ज करताना सीव्हीत टेक्निकची लांबलचक यादी देऊ नका. तुम्ही स्वतः बनवलेल्या एका पेलेटचा क्रॉस सेक्शन आणि ३०० तासांचा एक ग्राफ जोडा, घसरणारा असला तरी चालतो, फक्त का घसरला ते इंटरव्ह्यूला सांगता आलं पाहिजे.